चार वर्षं झगडतोय, हवा आहे तशीच

वाचकाचं पत्र:

मी एका मोठ्या शहरात राहते. मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला दमा असल्याचं कळलं. त्याच्याही आधीपासून, म्हणजे गेली चार वर्षं, आम्ही काही पालक आणि शेजारी मिळून हवेच्या प्रश्नावर काम करतोय. निवेदनं दिली, माहिती मागवली, बैठकांना गेलो, रस्त्यावर फलक घेऊन उभे राहिलो. दर हिवाळ्यात पन्नास-साठ माणसं जमतात. वारा सुटून आकाश निवळलं की आम्ही पाचजण उरतो. यंदा थंडीच्या पहिल्याच आठवड्यात फोनवर हवेच्या प्रदूषणाचा पुन्हा तोच जांभळा, म्हणजे फार वाईट, आकडा दिसला आणि मला रडू फुटलं. नवरा म्हणतो, "आपण शहर सोडू. तू हवा बदलशील तोवर पोरगा मोठा होईल." त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. त्यातच गेल्या आठवड्यात घराजवळच्या बांधकामावर रात्री शेकोटी पेटवून बसलेल्या एका माणसावर मी ओरडले. लाकडांबरोबर प्लॅस्टिकही जळत होतं. तो काही बोलला नाही, नुसता उठून उभा राहिला. घरी आल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. चार वर्षांत आम्ही काय मिळवलं? आता थांबावं का?
एक आई

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी एकोणीस वर्षं हवा मोजण्याच्या कामात गेली, त्यामुळे "चार वर्षांत काय मिळवलं" हा प्रश्न माझ्याही ओळखीचा आहे. पण आधी मुलाचं बोलू. शहराला वेळ लागला तर चालेल, त्याला नाही.

डॉक्टरांकडे बसून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: रोज घ्यायचं औषध कोणतं, त्रास वाढू लागला तर काय आणि किती वाढवायचं, आणि कोणती लक्षणं दिसली की घरी न थांबता दवाखाना गाठायचा. तो कागद शाळेतही द्या. दम्याच्या बाबतीत एक चूक फार घरांत होते. मूल बरं दिसू लागलं की रोजचा पंप मागे पडतो, आणि हवा बिघडली की तातडीच्या पंपावर भिस्त येते. रोजचं औषध श्वासनलिकांची सूज आतून कमी ठेवत असतं. बऱ्या दिवसांत ते चालू राहिलं, तरच वाईट दिवसांत मूल तग धरतं.

घरात निदान तो झोपतो ती खोली तरी जपा. परवडत असेल तर हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचं), त्या खोलीच्या मापाचं यंत्र घ्या, दारं-खिडक्या लावून चालवा आणि फिल्टर वेळेवर बदला. ओझोन सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करणारी यंत्रं मात्र घेऊ नका. ओझोन हा स्वतःच फुप्फुसाला त्रास देणारा वायू आहे. घरात धूर होईल असं काही जाळू नका, स्वयंपाक करताना पंखा बाहेर हवा फेकतोय ना ते पाहा. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. मोठ्यांच्या मापाचा मास्क मुलाच्या गालांवरून हवा आत घेतो आणि आपल्याला उगाच निर्धास्त करतो. शाळेची वाट हमरस्त्याने जात असेल तर समांतर गल्ली शोधा. वाहनांच्या धुराची तीव्रता मोठ्या रस्त्यापासून काहीशे मीटरांतच बरीच उतरते, त्यामुळे दहा मिनिटं जास्त चालणं परवडलं. आणि त्याला अख्खा हिवाळा घरात कोंडून ठेवू नका. अगदी वाईट दिवशी धावणं-खेळणं टाळा, बाकीच्या दिवशी खेळू द्या.

आता शहर सोडण्याचं. औषधं नीट चालू असूनही त्याचा दमा आटोक्यात येत नसेल आणि डॉक्टरांनाही जागा बदलणं गरजेचं वाटत असेल, तर जा. मागे वळून पाहू नका. लढाई अर्ध्यावर टाकली असं कुणी म्हणेल, त्यांना म्हणू द्या. मुलाचं फुप्फुस हा चळवळीने मागावा असा त्याग नाही. पण निर्णय घेण्याआधी एक मधला पर्याय तपासा: याच शहरात हमरस्त्यापासून, ट्रकच्या मार्गापासून, कचरा जळणाऱ्या मैदानापासून लांब घर मिळतं का? कित्येकदा दोन वस्त्यांमधला फरक दोन शहरांमधल्या फरकाइतका असतो. आणि जिथे जायचा विचार आहे तिथल्या हवेचे आकडे आधी पाहा. लहान गाव म्हणजे स्वच्छ हवा, हे गृहीत धरून हललेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे मोजणारं केंद्र नव्हतं, एवढाच काय तो फरक होता.

आता तुमचा खरा प्रश्न.

"हवा आहे तशीच" हे तुम्ही फोनवरच्या आकड्यावरून म्हणताय. तो आकडा खोटा नाही, पण तुम्ही त्याला जे विचारताय त्याचं उत्तर तो देऊ शकत नाही. त्या दिवशी शहराने किती धूर सोडला आणि त्या दिवशी आकाशाने तो किती वाहून नेला, या दोन्हींचं मिळून तो आकडा बनतो. एरवी जमिनीलगतची हवा गरम असते, ती वर जाते आणि धूर सोबत नेते. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवाही निवते आणि वर मात्र त्यापेक्षा उबदार थर पसरतो. पातेल्यावर झाकण पडावं तसं होतं. वारा पडलेला असेल तर तोच धूर कमी उंचीच्या पातेल्यात साठत जातो. म्हणजे शहराने गेल्या वर्षीपेक्षा खरोखर कमी धूर सोडला असला, तरी एखाद्या आठवड्यात आकडा चढू शकतो. आणि उलटंही होतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका हिवाळ्यात आकडे छान उतरले, कार्यालयात पेढे वाटावेत असा आनंद झाला. पुढच्या वर्षी कळलं की तो सगळा वाऱ्याचा प्रताप होता. त्यानंतर मी एका दिवसाचा आकडा पाहून कधी हसले नाही की रडले नाही.

तुम्ही वार्षिक सरासरी पाहा, तीही एका वर्षाची नको. अमेरिकेत सूक्ष्म कणांचं वार्षिक मानक पाळलं गेलं की नाही हे तीन वर्षांच्या सरासरीवरून ठरवतात, आणि त्यामागे हेच शहाणपण आहे. तुमच्या शहराच्या प्रत्येक मापन केंद्राची पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रोमीटरहून बारीक कणांची, वार्षिक सरासरी मिळवा. तीन-तीन वर्षांची सरासरी काढून वहीत ओळीने लिहा. मग बोलू, चार वर्षांत काही झालं की नाही ते. कदाचित खरंच काही झालं नसेल. पण ते त्या वहीतून कळलेलं बरं, एका वाईट आठवड्याने सांगितलेलं नको.

हे आकडे मागताना एक काळजी घ्या. केंद्र कुठे बसवलंय आणि वर्षातले किती दिवस चालू होतं, हेही विचारा. माझ्या नोकरीत एका केंद्राभोवती पाहणीच्या आदल्या दिवशी पाण्याचे फवारे मारले जात. आम्ही लेखी तक्रार केली, तर आमचीच चौकशी लागली. फवाऱ्याने त्या अंगणातली धूळ बसते, शहरातला धूर तिथेच राहतो. तुमच्या गटातल्या एकाने अधूनमधून केंद्राशी चक्कर मारावी, एवढं सोपं आणि एवढं उपयोगी काम दुसरं नाही.

आता चार वर्षांकडे वळते. ज्या शहरांनी हवा खरोखर सुधारली, त्यांचा काळ मोजला की चार वर्षं कुठे येतात ते पाहा.

लॉस एंजेलिसची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. १९४३ च्या जुलैत तिथे असं धुरकं दाटलं की युद्धाच्या दिवसांत लोकांना शत्रूचा वायुहल्ला झाल्यासारखं वाटलं. संशय एका कारखान्यावर गेला. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाईन तयार होत असे. तो काही काळ बंद ठेवला, पण धुरकं काही हटेना. पुढे काही वर्षांनी आरी हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने या कोड्यात लक्ष घातलं. अननसाला त्याचा वास कशामुळे येतो यावर ते काम करत होते, म्हणजे हवेतल्या अगदी अल्प रसायनांना पकडण्याचं कसब त्यांच्या हाती होतं. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटणारी हायड्रोकार्बन्स (इंधनाच्या न जळलेल्या वाफा) आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन आणि धुरकं तयार होतं. थोडक्यात, शहराला ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त अभिमान, ती मोटारगाडीच दोषी होती. तेलउद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने हे वर्षानुवर्षं खोडून काढायचा प्रयत्न केला. १९५७ मध्ये घरामागच्या अंगणात कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर बंदी आली. गाड्यांच्या धुराला कडक लगाम घालणारा देशव्यापी कायदा १९७० साली झाला, आणि धूर निवळवणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्या गाड्यांत सरसकट यायला १९७५ उजाडलं. मोजा: १९४३ ते १९७५. त्यातली निदान सात वर्षं तर चोर कोण हे ओळखण्यातच गेली.

आणि तरीही. दक्षिण कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी मुलांच्या फुप्फुसांची वाढ वर्षानुवर्षं मोजली. मुलांच्या तीन तुकड्या, साधारण १९९४ ते २०११ या काळातल्या. या काळात हवा हळूहळू सुधारत होती. पंधराव्या वर्षी ज्यांच्या फुप्फुसांची क्षमता वैद्यकीयदृष्ट्या कमी ठरली, अशा मुलांचं प्रमाण पहिल्या तुकडीत ७.९ टक्के होतं, दुसरीत ६.३ आणि तिसरीत ३.६. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दमा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मुलांमध्ये फायदा दिसला. मी आजवर हवेविषयी जे काही वाचलं, त्यात हे तीन आकडे मला कधी विसरता आले नाहीत. ज्यांनी १९५० च्या दशकात सभा घेतल्या, त्यांतल्या बहुतेकांना ही मुलं कधी दिसली नसतील.

लंडनचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण अर्धवट. १९५२ च्या ५ ते ९ डिसेंबरला कोळशाच्या धुराचं दाट धुकं पडलं. तेव्हाच्या अंदाजाने चार हजार माणसं दगावली, पुढच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. एवढं झाल्यावर लगेच कायदा झाला असेल असं वाटतं. झालं वेगळंच. धुकं ओसरल्यानंतरही मृत्यू चालूच राहिले, तेव्हा सरकारने त्यांचं खापर इन्फ्लुएन्झावर फोडलं. दबाव वाढल्यावर १९५३ मध्ये समिती नेमली, आणि कायदा आला १९५६ साली. तुमचीच चार वर्षं! त्यानंतरही १९६२ च्या डिसेंबरात पुन्हा धुकं पडून शेकडो माणसं गेली, कारण धूर करायला मनाई असलेले निर्धूर पट्टे एकेक वस्ती करत जाहीर होत होते. त्या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. घरातली कोळशाची शेगडी बदलायला येणाऱ्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून मिळत असे. नुसतं "जाळू नका" म्हटलं नाही, ऊब कुठून मिळेल हेही पाहिलं. हे लक्षात ठेवा, मी शेवटी याकडे येणार आहे.

बीजिंगचं उदाहरण लोक घाई करायला सांगताना देतात. तिथला वेग खरोखर दांडगा आहे. २०१३ साली पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०१७ मध्ये ५८, २०२१ मध्ये ३३. पण कशाच्या जोरावर? शहराने आपले कोळशावरचे वीजप्रकल्प बंद केले आणि आजूबाजूच्या प्रांतांतल्या दोन डझनांहून जास्त शहरांना एकाच योजनेत बांधलं. आणि घाईची किंमतही मोजली: २०१७ च्या हिवाळ्यात उत्तर चीनमधल्या कित्येक गावांत कोळसा काढून घेतला होता, पण गॅस पुरेसा पोचला नव्हता. लोक थंडीत कुडकुडले, शेवटी सरकारला काही ठिकाणी पुन्हा कोळसा जाळायला परवानगी द्यावी लागली. आणि आठ वर्षांच्या या धडाक्यानंतरचे ३३ सुद्धा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या ५ पासून किती लांब आहेत, ते तुम्हीच पाहा.

मिळवलेलं निसटतंही, हे सांगायलाच हवं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ अखेरपर्यंत शहराच्या सगळ्या बस सीएनजीवर आल्या. त्या काळी जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं कुणी केलं नव्हतं. फरकही जाणवला. पण खासगी गाड्या वाढत गेल्या, भोवतालचा पट्टा वाढत गेला, आणि मिळालेला फायदा काही वर्षांत पुसला गेला. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये प्रत्येक गाडीला आठवड्यातून एक दिवस रस्त्यावर यायला मनाई केली. पुढे अभ्यासात दिसलं की त्याने हवा सुधारल्याचा पुरावा नाही. लोकांनी त्या दिवसापुरती दुसरी, बहुधा जुनी गाडी घेतली होती. त्याच शहरात इंधनातलं शिसं काढलं गेलं, १९९१ मध्ये शहरातला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना बंद झाला, आणि त्याचा परिणाम मात्र टिकला.

या सगळ्या शहरांतून मी एकच गोष्ट घेतली आहे. ज्या उपायाने धूर निर्माण होणंच थांबतं आणि जो उद्या कुणी सहज उलटा फिरवू शकत नाही, तोच टिकतो. बंद झालेली भट्टी, बदललेलं इंधन, दर पाच मिनिटांनी येणारी बस. याउलट रस्त्यावर पाण्याची तोफ, चौकातला हवा गाळणारा मनोरा, आणीबाणीच्या दिवसाची वाहनबंदी. मनोऱ्यांविषयी मला राग येतो, तो इथे लपवत नाही. शहराची हवा ही बंद खोलीतली हवा नाही, ती सतत वाहत असते. मनोऱ्याने गाळलेली हवा काही पावलांवर न गाळलेल्या हवेत मिसळते. त्या पैशात किती बस आल्या असत्या, हा प्रश्न तुमच्या गटाने प्रत्येक बैठकीत विचारावा.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट दिसली. चार वर्षांत तुम्ही वाहनं, बांधकामं, कचरा, कारखाने, झाडं अशा सगळ्यांवर निवेदनं दिली असणार. पाच माणसांचा गट सगळीकडे पुरत नाही. एकच स्रोत निवडा. कोणता, ते शहरानुसार ठरेल. तुमच्या शहरात कोणत्या स्रोताचा वाटा किती, याचा अभ्यास झाला असेल तर तो मागवा, नसेल तर तो व्हावा हीच पहिली मागणी करा. निवडताना फक्त वाटा पाहू नका. तुमच्या हातातलं काय आहे तेही पाहा. रस्त्यावरची ढोबळ धूळ वजनाने फार भरते, म्हणून खर्चही तिच्यावर होतो. जाळण्यातून येणारे बारीक कण त्याहून खोल, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. म्हणून मी धुळीपेक्षा धुराला आधी हात घालीन.

आणि शहराच्या हद्दीत अडकू नका. बऱ्याच सूक्ष्म कणांचा जन्म कोणत्याही धुरांड्यात होत नाही. वीजप्रकल्पातून निघालेला गंधकाचा वायू, गाड्यांतून निघालेली नायट्रोजनची ऑक्साइडं आणि शेतातून, गोठ्यांतून येणारा अमोनिया हवेत भेटतात आणि तिथेच कण तयार होतात, कधीकधी शेकडो किलोमीटर प्रवास करून. तुमच्या महापालिकेने उद्या सगळं नीट केलं तरी आकडा एका पातळीखाली उतरणार नाही. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या एखाद्या गटाशी ओळख करा. तिथल्या वीटभट्टीवाल्यांशी, शेतकऱ्यांशी बोलणारं कुणीतरी असतंच.

दर हिवाळ्यात साठ आणि पुढे पाच, याचं तुम्हाला फार लागलेलं दिसतं. मला विचाराल तर त्या पाचांनी आपलं काम उन्हाळ्यात करावं. पुढच्या थंडीत किती बस धावतील, कोणत्या भट्टीला परवाना मिळेल, कचरा उचलायला किती गाड्या असतील, हे थंडी पडण्याच्या कितीतरी महिने आधी ठरतं. अंदाजपत्रकं बनतात, निविदा निघतात, आणि तेव्हा आकाश निळं असतं म्हणून तिथे कुणी बसलेलं नसतं. हिवाळ्यातल्या साठ माणसांचा आवाज हवाच, वर्तमानपत्रं तेव्हाच ऐकतात. पण त्या साठांकडून त्या दिवशी फक्त एवढंच मागा: प्रत्येकाने वर्षातल्या एका ठरावीक महिन्याची जबाबदारी घ्यायची. एक महिना एकाने केंद्रांवर नजर ठेवायची, एकाने अंदाजपत्रक वाचायचं, एकाने शाळांमध्ये बोलायचं. नुसतं "येत जा" म्हटलं की माणसं येत नाहीत. एकच काम, एकच तारीख दिली तर त्यातली निम्मी येतात, असा माझा अनुभव.

आणि तुम्ही स्वतः? एक वर्ष मागे सरका. गटातल्या कुणाकडे तरी धुरा द्या, तुम्ही फक्त ती वही सांभाळा. लॉस एंजेलिसमध्ये १९४३ ते १९७५ तीच ती माणसं नव्हती लढत. कुणी थकलं, कुणी गेलं, कुणी मुलांच्या आजारपणात अडकलं. काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं म्हणून टिकलं. तुमच्या चार वर्षांत जमा झालेली कागदपत्रं, अधिकाऱ्यांची उत्तरं, कुणी काय कबूल केलं त्याच्या तारखा, हे सगळं एका जागी नीट लावून ठेवलंत, तर तुमच्यानंतर येणाऱ्याची दोन वर्षं वाचतील. नवऱ्याला हेही सांगा की त्याचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही हवा बदलाल तोवर तुमचा मुलगा मोठा होईल. कदाचित त्याचा मुलगा त्या तिसऱ्या तुकडीत असेल.

आता शेकोटीपाशी बसलेल्या माणसाचं. तुम्हाला जे कसंतरी झालं, ते योग्यच झालं. प्लॅस्टिक जाळणं घातक आहे, आणि त्या धुराच्या सगळ्यांत जवळ तोच बसलेला असतो. रात्रभर उघड्यावर राखण करायची, आणि ऊब मिळवायला हाताशी काय, तर लाकडाचे तुकडे आणि आवेष्टनाचं प्लॅस्टिक. त्याला "विझव" म्हणणं म्हणजे "कुडकुडत बस" म्हणणं. लंडनच्या कायद्याला हे कळलं होतं, उत्तर चीनमध्ये त्या हिवाळ्यात ते विसरलं गेलं.

उद्या तुमच्या पाचांपैकी दोघं त्या बांधकामाच्या ठेकेदाराकडे जा. रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाला विजेची शेगडी, जाड कपडे आणि आडोशाची खोली मिळावी, असं लेखी मागा, आणि त्याची प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयात द्या. बांधकाम परवान्याच्या अटींमध्येच हे बसवून घेता आलं, तर शहरातल्या सगळ्या बांधकामांवरच्या शेकोट्या एकदम विझतील. तुमच्या निवडलेल्या एका स्रोताची ती बरी सुरुवात ठरेल.

पण त्याआधी, शक्य असेल तर आज रात्रीच, एकट्या त्याच्याकडे जा. त्या रात्री ओरडलात त्याबद्दल माफी मागा. आणि तो रोज किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत तिथे बसतो, हे विचारून घ्या.